शिवारात जाणारी दुरुस्तीची गाडी : काय घ्यावे, काय टाळावे
(भाषणाचा मजकूर)



ट्रॅक्टर, पेरणी यंत्र, मळणी यंत्र यांविषयी आपण या कार्यक्रमात पुष्कळ वेळा बोललो आहोत. आज त्यांच्या पाठीमागे उभ्या राहणाऱ्या गाडीविषयी बोलायचे आहे. यंत्र शेतात बंद पडल्यावर सामान आणि मिस्त्री घेऊन जी गाडी येते, ती दुरुस्तीची गाडी कशी निवडावी आणि तिच्यात काय ठेवावे, हा आजचा विषय.

हा विषय आता निघण्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत गावोगाव अवजार बँका झाल्या, शेतकरी उत्पादक कंपन्या झाल्या. एकेका गटाकडे दोन-तीन ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, रुंद वरंबा सरी पेरणी यंत्र, मळणी यंत्र अशी अवजारे आली. पण ती शेतात मोडली म्हणजे काय होते? एक जण मोटारसायकलवर तालुक्याला जातो. मिस्त्री दुसऱ्या गावी गेलेला असतो. तो संध्याकाळी येतो, यंत्र उघडतो आणि म्हणतो, "बेअरिंग गेलंय, उद्या आणू." तोवर दोन दिवस गेले. उन्हाळ्यात दोन दिवस गेले तर चालून जाते. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला, वापसा आला आणि पेरणीची चार दिवसांची संधी मिळाली, त्या वेळी दोन दिवस म्हणजे निम्मी संधी. सोयाबीनच्या काढणीलाही तीच गोष्ट. शेंगा वाळल्या, वर आभाळ भरून आले आणि मळणी यंत्राचा पट्टा तुटला, तर शेंगा फुटून दाणे शेतातच पडतात. हे नुकसान पट्ट्याच्या किमतीत मोजता येत नाही.

म्हणून काही गट आता स्वतःची गाडी घेण्याच्या विचारात आहेत. विचार चांगला आहे. परंतु गाडी घ्यायला निघालेली मंडळी बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतात असे आढळते. आधी दुकानात जाऊन गाडी पसंत करतात, मग तिच्यात काय बसेल ते बघतात. खरे म्हणजे आधी कामाची यादी करावी. गटातील सर्वांनी एकत्र बसून मागच्या एका वर्षात कोणते यंत्र, कोणत्या महिन्यात, कशाने बंद पडले ते वहीत लिहून काढावे. पंक्चर किती, बेअरिंग किती, हायड्रॉलिकचा पाइप फुटला किती वेळा, वेल्डिंग तुटले किती वेळा, पाण्याची मोटार किती वेळा जळाली. ही वही नीट भरली तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

त्या वहीत जर वर्षाचे चाळीस-पन्नासच प्रसंग निघाले, तर माझा स्पष्ट सल्ला आहे की गाडी घेऊ नका. समजा गाडीचा हप्ता, विमा, कर आणि चालकाचा पगार धरून वर्षाला १,८०,००० रुपये खर्च येतो. हा आकडा केवळ समजुतीसाठी घेतला आहे, बरं का. वर्षात १५० वेळा गाडी निघाली तर एका फेरीवर १,२०० रुपये पडले. ६० वेळाच निघाली तर ३,००० रुपये पडले, आणि डिझेल वेगळे. बांधावर तीन हजारांची गाडी कोण बोलावणार? अशा गटाने हत्यारे आणि सुटे भाग चांगल्या पेट्यांत भरून ठेवावेत आणि गरज पडेल तेव्हा गावातला भाड्याचा टेम्पो बोलवावा. आजच्या बोलण्यातला पेट्यांचा भाग त्यांनाही उपयोगी पडेल.

आता ज्यांना खरोखर गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे वजन. गाडी विकणारा हौद्याची लांबी-रुंदी सांगतो, ताकद सांगतो. तुम्ही नोंदणी प्रमाणपत्र मागा आणि त्यातले दोन आकडे बघा: मालासह एकूण वजन आणि रिकामे वजन. दुसरा आकडा पहिल्यातून वजा करा. जे उरेल तेवढेच वजन तुमच्या हातात. आणि रिकाम्या वजनात चालक आणि सोबतची माणसे धरलेली नसतात, हे विसरू नका.

एक उदाहरण घेऊ. एका पिकअप गाडीचे एकूण वजन २,९०० किलो आणि रिकामे वजन १,७०० किलो आहे असे धरा. म्हणजे १,२०० किलो उरले. ऐकायला पुष्कळ वाटते. आता भरू या. लोखंडी कपाटे २०० किलो. वेल्डिंग चालवू शकेल असा जनरेटर ९० किलो. वेल्डिंगचे यंत्र आणि वायरी २५. टाकीसह हवेचा कॉम्प्रेसर ८०. पान्हे, हातोडे, व्हाइस मिळून १००. सुटे भाग, ऑइल, ग्रीस १२०. डिझेलचे २०० लिटरचे भरलेले बॅरल घेतले तर डिझेलचे १६६ आणि बॅरलचे १९, मिळून १८५ किलो. पाणी १०० लिटर म्हणजे १०० किलो. जॅक, लाकडी ठोकळे, फळ्या, चेन पुली यांचे १००. चालक आणि दोन मिस्त्री यांचे २००. बेरीज करून बघा, बरोबर १,२०० किलो होते. गाडी भरली! मोडलेला गिअरबॉक्स परत आणायचा तर तो ठेवायचा कुठे? आणि यातले काही आवश्यक नाही असेही वरवर दिसत नाही.

पण जरा बारकाईने पाहिले तर कापता येते. बॅरलची गरज काय? शेतात डिझेल संपलेल्या ट्रॅक्टरला पंपापर्यंत जाण्यापुरते मिळाले तरी पुरे. ३५ लिटरचे दोन कॅन ठेवले तर कॅनसह ६५ किलोत भागते, १२० किलो वाचले. पाणी रेडिएटरला, हात धुवायला आणि पिण्याला मिळून ४० लिटर पुरते, ६० वाचले. कपाटे जाड पत्र्याची न करता हलक्या चौकटीवर पातळ पत्रा लावून केली तर ८० किलो वाचतात. झाले २६० किलो. एवढी मोकळीक हातात ठेवूनच गाडी सजवावी. पाऊण टन वाहणाऱ्या छोट्या टेम्पोवर हा सगळा संसार चढवण्याचा मोह कोणी करू नये. त्यावर पंक्चर, ग्रीस आणि पट्टे-बेअरिंग एवढेच काम ठेवावे, ते तो उत्तम करतो.

वजन किती याइतकेच वजन कुठे, हेही महत्त्वाचे. जड वस्तू खाली ठेवाव्यात आणि मागच्या आसाच्या जरा पुढे ठेवाव्यात. पुष्कळ जण जनरेटर अगदी मागच्या फाळक्याजवळ ठेवतात, उतरवायला सोपा म्हणून. मग मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. घाटात किंवा ओल्या डांबरी रस्त्यावर हे जिवावर बेतते. डाव्या आणि उजव्या बाजूचे वजनही सारखे ठेवा. गाडी सामानासह एकदा वजनकाट्यावर घ्या, आधी पूर्ण आणि मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून. थोडक्या पैशांत आपला हिशेब खरा की खोटा ते कळते. कायद्याचेही बघा. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

आता हौद्याविषयी. बंद डब्यासारखी बांधणी दिसायला छान असते, पावसापासून सामान वाचते, चोरीची भीती कमी. तरी मी उघड्या हौद्याच्या बाजूचा आहे. आमच्या भागातल्या एका गटाने दोन्ही बाजूंना उंच कपाटे बांधली, मधोमध जनरेटर आणि कॉम्प्रेसर बोल्टने पक्के केले. शहरातल्या गॅरेजवाल्याला शोभावी अशी गाडी झाली. पहिल्याच जुलैत बोलावणे आले. डांबरी रस्त्यावर गाडी उभी आणि ट्रॅक्टर पाणंदीने आत जवळजवळ पाऊण किलोमीटरवर. काळी जमीन, घोट्यापेक्षा वर चिखल. वेल्डिंग करायचे होते, पण पक्का केलेला जनरेटर कोण उचलून नेणार? शेवटी मोडलेला भागच खांद्यावर घालून गाडीपर्यंत आणावा लागला. त्यांनी पुढे ते बोल्ट काढले, कपाटेही निम्मी कमी केली.

काळ्या जमिनीच्या मुलखात पावसाळ्यात गाडी बांधाच्या आत घालूच नये. ती रुतते, आणि रुतली नाही तरी चाकोरीतली जमीन दाबून टाकते. म्हणजे शेवटची दोनशे-चारशे पावले सामान माणसांनीच न्यायचे, असे धरून गाडीची रचना करावी. प्रत्येक कामाची वेगळी पेटी करा: पंक्चरची एक, हायड्रॉलिकची एक, विजेची एक, बेअरिंग-पट्ट्यांची एक. पेटीला दोन बाजूंना दोन मजबूत कड्या असाव्यात आणि भरलेली पेटी २५ किलोच्या आत असावी, म्हणजे दोघे जण ती चिखलातून घेऊन जातात. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा. परत निघताना यादीवर बोट ठेवून पान्हे मोजायचे. रात्री शेतात राहिलेला पान्हा पुढच्या नांगरटीलाच सापडतो, तोही गंजलेला!

तिन्ही फाळके खाली पडणारा हौदा घ्या. त्यामुळे कोणत्याही बाजूने हात घालता येतो आणि खाली पाडलेला फाळका कामाच्या ओट्यासारखा वापरता येतो. व्हाइस मात्र हौद्याच्या मागच्या कोपऱ्यात, खाली लोखंडी पट्टी देऊन पक्का करा. पावसासाठी ताडपत्री आणि ती ताणायला चार उभे नळ पुरेत. गाडीला कायमचे जोडकाम करायचे असेल, हौद्याचा आकार बदलायचा असेल, तर आधी परिवहन कार्यालयात विचारून परवानगी घ्या. मूळ नोंदीत नसलेला बदल अपघाताच्या वेळी विमा कंपनीला आयते निमित्त देतो.

चारही चाकांना जोर मिळणारी गाडी घ्यावी का, असे मला विचारतात. कोकणातल्या किंवा डोंगराळ वाटांना ती उपयोगी आहे. बाकी ठिकाणी तेवढ्या जादा पैशांत चांगले टायर, चांगला जनरेटर आणि वर्षभराचे सुटे भाग येतील. टायर खोल नक्षीचे घ्या, पण मापात बदल करू नका. हौद्याची उंची जेवढी कमी तेवढे चांगले, दिवसातून वीस वेळा चढ-उतार करणाऱ्या मिस्त्रीच्या गुडघ्यांना विचारा. नवी डिझेल गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विक्रेत्याकडून समजून घ्यावी. २०२० नंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी नेहमी दोन-चार किलोमीटरच चालली आणि तासन्‌तास जागेवर चालू राहिली तर ती गाळणी तुंबते. मधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग चालवणे तिला लागते.

आता जॅककडे वळू, कारण इथे माणसे मरतात. पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर सुमारे दोन टनांचा असतो आणि त्यातले जास्त वजन मागच्या चाकांवर असते. मागच्या टायरांत पाणी भरले असेल तर एकेका टायरात दोनशे लिटरांच्या आसपास पाणी, म्हणजे दोनशे किलो आणखी. जॅक वजन उचलेल, पण त्याच्या खालची जमीन ते वजन झेलेल का, हा प्रश्न आहे. बाटली जॅकचा तळ साधारण १५ सेंटिमीटर लांब-रुंद. ओल्या काळ्या जमिनीत तो खुंटीसारखा आत जातो, आणि सरळ न जाता तिरका जातो. त्याच्याखाली ४५ सेंटिमीटर लांब-रुंद अशी बाभळीची दोन इंच जाड फळी घातली तर तेच वजन नऊपट जागेवर पसरते. ही फळी गाडीत असलीच पाहिजे, आणि एक नव्हे, दोन.

जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. ट्रॅक्टर उचलला की लगेच आसाखाली लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून किंवा लोखंडी स्टँड लावून वजन त्यांच्यावर उतरवा, मगच चाकाला हात लावा. विटा आणि दगड चालत नाहीत. वीट सांगून फुटत नाही. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून अडण लावा.

असाच धोका रोटाव्हेटरखाली आहे. पाती बदलायची म्हणून रोटाव्हेटर हायड्रॉलिकवर वर उचलतात आणि खाली झोपतात. कुणाचा हात दांडीला लागला, पाइप फुटला, तर चार-पाचशे किलोचे यंत्र क्षणात खाली येते. इंजिन बंद, किल्ली मिस्त्रीच्या स्वतःच्या खिशात, पी.टी.ओ. सोडवलेला आणि चौकटीखाली दोन्ही बाजूंना ठोकळे, एवढे झाल्याशिवाय कोणीही खाली जायचे नाही. मालक घाई करील, आभाळ दाखवील. मिस्त्रीने ऐकू नये, आणि गटाने मिस्त्रीची बाजू घ्यावी.

वजन उचलायला गाडीवर छोटी क्रेन बसवावी का? मला विचाराल तर नको. हाताने फिरवायच्या छोट्या क्रेनला बाहेरच्या बाजूला वजन लटकले की गाडी त्या बाजूला कलते, आणि आपल्या शेताच्या कडा सपाट नसतात. त्यापेक्षा एक टनाची चेन पुली आणि नळांची तीन पायांची घोडी बरी. ती सुटी होते, खांद्यावरून नेता येते आणि विहिरीवरची मोटार काढायलाही चालते. पाय घसरू नयेत म्हणून तिन्ही पाय साखळीने एकमेकांना बांधायचे.

रुतलेला ट्रॅक्टर ओढून काढण्याचे काम तुमच्या पिकअपचे नाही, ते दुसऱ्या ट्रॅक्टरचे. गाडीत ओढायचा रुंद पट्टा आणि कड्या मात्र ठेवा. जुना तारेचा दोर ठेवू नका. ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी मागे येते. आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरला पट्टा खालच्या ड्रॉबारलाच लावायचा. आसाला किंवा वरच्या टॉप लिंकच्या जागी लावला तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे चालकावर उलटतो.

वेल्डिंगच्या बाबतीत जनरेटरची निवड चुकते. दुकानात दोन किलोवॅटचा जनरेटर स्वस्त दिसतो, आणि वेल्डिंगचे इन्व्हर्टर यंत्र तर हातात मावते, म्हणून दोन्ही घेऊन येतात. पण अवजाराच्या चौकटीला ३.१५ मिलिमीटरची कांडी वापरायची तर १०० ते १२० अँपिअर करंट लागतो, आणि त्यासाठी जनरेटरकडून चार-पाच के.व्ही.ए.ची मागणी होते. दोन किलोवॅटचा जनरेटर तिथे धापा टाकतो, कांडी चिकटते, जोड कच्चा राहतो. सहा-साडेसहा के.व्ही.ए.चा घ्या, किंवा वेल्डिंगच गाडीत ठेवू नका आणि मोडलेला भाग गावातल्या वेल्डरकडे न्या. मधला मार्ग काढण्यात पैसे वाया जातात. जनरेटर नाही म्हणून खांबावर आकडा टाकून वेल्डिंग करणारेही पाहण्यात आहेत. ते चोरी तर आहेच, पण ओल्या जमिनीवर उभे राहून केलेली ती आत्महत्या आहे.

ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवा आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा. पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले, त्यामुळे या ट्रॅक्टरांत इलेक्ट्रॉनिक भाग आले आहेत. करंट त्यांतून गेला तर काही रुपयांच्या जोडापायी फार महागडा भाग जातो. काढणीच्या दिवसांत भोवती काड आणि गुळी पडलेली असते. दहा पावले जागा झाडून घ्या, पाण्याची बादली जवळ ठेवा आणि काम झाल्यावर पाव तास तिथेच थांबा. ठिणगी काडात दडून राहते. डिझेलच्या टाकीला किंवा रिकाम्या बॅरलला शेतात वेल्डिंग कधीही करू नका. रिकामे बॅरल भरलेल्यापेक्षा वाईट. त्यात वाफ कोंडलेली असते.

अग्निशामक नळकांडी दोन हवीत, सुक्या पावडरीची, आय.एस.आय. चिन्हाची. एक केबिनमध्ये आणि एक हौद्यात बाहेरून हात पोहोचेल अशी. तिच्या काट्याची सुई हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दर महिन्याला बघायचे. जनरेटरला पेट्रोल लागत असेल तर पाच लिटरचा धातूचा घट्ट झाकणाचा डबा पुरे. पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल नेऊ नका. पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेले पेट्रोल विनापरवाना ३० लिटरपर्यंतच बाळगता येते आणि धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे चालत नाही. डिझेलच्या कॅनसोबत बारीक जाळीचे नरसाळे ठेवा. नव्या इंजिनांचे पंप आणि नोझल जुन्यासारखे दणकट पोटाचे नाहीत, थोडा कचरा किंवा पाणी गेले की बंद.

हवेच्या कॉम्प्रेसरचे थोडक्यात सांगतो. मोटारीच्या बॅटरीवर चालणारे छोटे पंप ट्रॅक्टरच्या मागच्या टायराला कामाचे नाहीत. त्या टायराला दाब कमी लागतो, पण हवा फार लागते. इंजिनवर किंवा जनरेटरवर चालणारा, टाकी असलेला घ्या. कमी दाब नीट दाखवणारा गेज वेगळा घ्या, कारण शेतातल्या कामाला मागच्या टायरात साधारण १२ ते १४ पौंडच हवा असते आणि ट्रकच्या गेजवर एवढ्यातला फरक कळत नाही.

सुट्या भागांत उत्साहाने भर घालू नका. तुमच्या गटातल्या यंत्रांची पट्टी पाहून तेच पट्टे, तीच बेअरिंगे ठेवा. बेअरिंगचा नंबर वाचायची युक्ती अनेकांना ठाऊक नसते. ६२०५, ६२०६ अशा नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतल्या भोकाचे माप मिलिमीटरमध्ये मिळते: ०५ म्हणजे २५, ०६ म्हणजे ३०. ०४ पासून पुढे हा हिशेब लागतो. जुन्या बेअरिंगवरचा नंबर पुसला असेल तरी दांडा मोजून नवे शोधता येते. रोटाव्हेटरच्या पात्यांना साधे बोल्ट लावू नका, डोक्यावर ८.८ लिहिलेले वापरा. पण ज्या जागी शिअर बोल्ट दिला आहे तिथे नेमके उलटे. तो तुटण्यासाठीच केलेला असतो. सारखा तुटतो म्हणून तिथे कडक बोल्ट ठोकला तर पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटतो.

पाण्याच्या मोटारीचे काम करायचे असेल तर क्लँप मीटर आणि ५०० व्होल्टचा मेगर ठेवा. मोटार वर काढण्याआधीच ती जळाली आहे की वायर, हे मेगर सांगतो आणि दिवसाची मेहनत वाचते. लाइट गेली म्हणजे तार मेली असे समजू नका. शेतीची लाइन वेळापत्रकाप्रमाणे येते, आणि पेटीवर आपोआप सुरू होणारा स्टार्टर असेल तर मोटार न सांगता चालू होते. मेन बंद, फ्यूज काढून खिशात, आणि कपॅसिटर आधी रिकामा करून घेणे, हा क्रम विजेच्या पेटीच्या झाकणावर रंगाने लिहून टाका.

रात्रीच्या कामाला हौद्याच्या मागे दोन एल.ई.डी. दिवे आणि एक लांब वायरचा हातदिवा लागतो. यांच्यासाठी वेगळी बॅटरी बसवा, नाहीतर पहाटे दुरुस्तीची गाडीच ढकलावी लागते. रस्त्याच्या कडेला उभे राहायचे तर मागे लाल परावर्तक पट्टी आणि त्रिकोण हवाच. ऊस वाहतुकीच्या दिवसांत अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून आदळून किती घरे बसली, ते तुम्हाला मी सांगायला नको.

कागदपत्रांपैकी परवान्याविषयी पुष्कळ गोंधळ होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की एकूण वजन ७,५०० किलोच्या आतले मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे तुमच्या गटातला कारचा परवाना असलेला मुलगाही पिकअप चालवू शकतो. मात्र हौद्यात माणसे बसवू नका. केबिनमध्ये जितक्या जागा नोंदल्या आहेत तितकीच माणसे, आणि विम्यात त्यांचा स्वतंत्र हप्ता भरला आहे का ते पॉलिसीवर वाचून घ्या. अनुदानाचे म्हणाल तर अवजारांना ज्या योजना आहेत त्यांत गाडीही येईल असे धरून कर्ज काढू नका. अर्ज करण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी विचारा.

गाडी जुनी घेत असाल तर सामान मनात धरून तपासा. रिकामी गाडी सगळीच चांगली चालते. मालकाला सांगून सात-आठशे किलो वाळूची पोती भरा, गावाबाहेरच्या चढावर न्या, मध्येच थांबवून पुन्हा उचला, उतारावर ब्रेक लावा. मागचे पाटे कोणत्या बाजूला जास्त बसले ते उभे राहून बघा आणि चासीखाली आडवे होऊन वेल्डिंगचे जुने जोड आहेत का ते पाहा. पाट्यांच्या जागेजवळ चासीला असा जोड दिसला तर ती गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या.